टोचून ठिवलेली सुई

मी वाकळी शिवते. जुन्या साड्या एकावर एक घालायच्या, मदी झंपरचे, धोतराचे तुकडे भरायचे, आन कडंपासनं मदीपर्यंत बारीक टाक्यानं शिवत जायचं, त्याला आमी वाकळ म्हनतो. घरमालकाची कन्नड सून कौदी म्हनती. शाळंच्या पुस्तकात गोधडी लिवलं होतं. नाव कायबी घ्या, बोटाला सुई सारखीच टोचती.

आदीच सांगते, मी लई भित्री हाय. मला बसमदी चढायचं भ्या वाटतं, गॅस पेटवायचं भ्या वाटतं, फोनवर काई इंग्रजीत आलं की कायतरी दाबलं जाईल आन सगळं जाईल म्हून भ्या वाटतं. पोरगी झोपली आन जरा जास्तच गप झोपली की मी तिच्या नाकापाशी बोट धरते, आन बोटाला वारा लागला की मगच माजा सोताचा श्वास सुटतो. माय म्हनायची, ही पोरगी सावलीला बी वाट देती. शिक्शन बी आसंच अर्धं. गावात सातवीपर्यंत मराठी शाळा होती, तितनं पुढं कन्नडमदी गेले, काई डोक्यात शिरंना, नववीत सोडलं. म्हून मी लिवते ते बोलल्यावानी लिवते, दम लागल्यावानी, थांबायचं कुठं ते मला अजून कळंना.

पर एका गोष्टीत मी हटले न्हाई. भेत भेतच, पर हटले न्हाई. ती सांगायची हाय.

माजं माहेर अफजलपूरकडलं, भीमेच्या काठाचं. तितं वाकळ घरात कुनी शिवत न्हाई, अंगनात शिवतात. खाली पोतं हातरायचं, त्याच्यावर वाकळ पसरायची, आन आपन चुलीकडं गेलो तरी सुई वाकळीतच टोचून ठिवायची, दोऱ्यासकट. कामून, तर येनारी-जानारी बाई टेकती. दळन घेऊन निगालेली असो का उसातनं आलेली असो. टेकली की ती आदी वाकळीची कड उलटून खालची बाजू बगती. वरची बाजू कुनी बी सजवून ठिवतंय, टाके कसे पडलेत ते खालूनच कळतंय. मंग नाक मुरडती. "हे काय गं, दोऱ्यानं शिवलीस का दाव्यानं?" आसं म्हनती. आन म्हनत म्हनत सुई काढून एक ओळ घालती, आन उठताना परत टोचून ठिवती, पुढलीसाठी.

छान झाली, सुंदर झाली, आसं आमच्यात कुनी म्हनतच न्हाई. म्हनलं की दृष्ट लागती. लेकराची वाकळ असंल तर लेकराला लागती. आमी विहारात जानारी मानसं, दृष्ट-बिष्ट आपन मानत न्हाई आसं सगळ्या म्हनतात, आन म्हनत म्हनतच लेकराच्या तळपायाला काजळ लावतात. तर मंग आपली वाकळ आवडली का न्हाई ते कळायचं कसं? बाई टेकली का, सुई उचलली का, त्याच्यावरनं. जिच्या वाकळीला कुनी टेकलंच न्हाई तिनं काय ते समजून घ्यायचं.

लग्न होऊन दुबलगुंडीला आले तर तितं बी हेच. अंगन हाय, बाया हायत, सासू हाय, सुई हाय. पर पोरगी झाली आन ह्यास्नी कोळारला गोडाऊनमदी माल चढवायचं-उतरवायचं काम लागलं. रोज येनं-जानं जमंना म्हून आमी तितंच खोली केली. खोली बरी हाय, नळ हाय. पर दार उगडलं की समोर गोडाऊनची भिंत. ही लांब. दिवसभर लाऱ्या येतात, जातात, भोंगा वाजवतात, पोरगी दचकती, पोरीच्या आदी मी दचकते. बाई मानूस त्या रस्त्यानं चालतच न्हाई. सगळ्या कामाला जातात, येतात, कडी लावतात.

त्या खोलीत मी पोरीची वाकळ धरली. मदी मायची पांढरी साडी घातली, पौर्निमेला वंदनेला नेसायची ती, धुऊन धुऊन सायीवानी झालेली. आन तिच्यावर माज्या शाळंच्या स्कर्टाचे निळे तुकडे. स्कर्ट मायनं जपून ठिवला होता, शाळा काई परत येनार न्हाई म्हून मी कापला. त्या तुकड्याची एक वाट केली, एका कोपऱ्यापासनं दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, मोडत मोडत जानारी. ती नदी होती. कुनाला सांगितलं न्हाई. मला ठाव होतं.

आन झाली तेवढी दारापुढं पसरून ठिवली, सुई टोचून. वेडीच मी. वाट बगायले. एक लारीवाला आला, चाक जाईल म्हनला, उचला.

शेजारच्या खोलीत एक खाला, मुसलमान मावशी, ऱ्हाती. मशीनवर ब्लाऊज शिवती, गुडगे दुखतात म्हून खाली बसत न्हाई. दारातनंच तिनं वाकळ बगितली आन जोरानं म्हनली, "माशाल्ला! क्या बनाई गे बच्ची! कित्ती खूबसूरत!"

आसं तोंडावर कुनी म्हनलंच नव्हतं कवा. मी पटकन पोरीला पदराखाली घेतलं. खाला हसायली. "कायकू डरती? माशाल्ला बोली ना मैं, नजर नई लगती. नक्को डर. फोन पे डाल, दुनिया देखती."

ते मला पटलं. दुनिया बगती म्हून न्हाई. ह्या रस्त्यानं बाई येत न्हाई, तर फोनवरनं तरी एकादी येऊन टेकंल म्हून. खालानं माज्या फोनमदी सगळं करून दिलं. ह्यांचा जुना फोन मला मिळालाय, कोपऱ्यात तडकलेला. वाकळ पसरली, पोरगी नवीनच बसायला शिकली होती, तिला मधोमध बसवलं, ती नदीच्या तुकड्याला नख लावून बगायली, तेवढ्यात मी व्हिडिओ काढला. खाली काय लिवावं ते सुचंना. कन्नड लिवावं का मराठी? बाकीच्यांचं बगितलं तर लई मोटं मोटं लिवलेलं, फुलं, चांदन्या. मी लिवलं, 'वाकळ. मी शिवलेली.' आन डोळे मिटून दाबलं. आन फोन पालथा ठिवून भांडी घासायला बसले, आसं वाटायलं जनू काई मीच उघड्यावर जाऊन बसलेय.

भांडी झाली. फोन बगितला. काई न्हाई.

पोळ्या झाल्या. काई न्हाई. पिठाच्या हातानं बगायले, काचंवर पिठाची बोटं उमटली. मला वाटलं रेंज न्हाई. मंग वाटलं गेलाच न्हाई वाटतं व्हिडिओ. खालाला दाखवलं, ती म्हनली गेलाय की, हे बग. मंग वाटलं पांढरा रंग फोनमदी मळका दिसतोय. मंग वाटलं माजं मराठी चुकलं. मंग वाटलं बाया बगून हसायल्यात आन पुढं जायल्यात. मी एकदा सोताच खालचा बदाम दाबला, आवडलं म्हून दाबतात तो. लाल झाला. बरं वाटलं. मंग हे आंगोळीला गेल्यावर ह्यांच्या फोनवरनं बी दाबला. आन मंग आशी लाज वाटली, जनू आपनच आपल्या वाकळीवर टेकायचं, आपनच सुई उचलायची आन आपनच म्हनायचं, आली होती बरं का एक बाई. दोन्ही काढून टाकले.

मंग दुसरी केली. खालाच्या मशीनखालच्या कातरनाची, लाल-पिवळी, चटकदार. खाला म्हनली गाना डाल, मूं दिखा, थोडा हस. मूं तर मी दाखवनार न्हाई, सांगितलं. गानं घातलं. गानं घातल्यावर वाकळ आशी दिसायली जनू काई लग्नाच्या मांडवात हरवलीय. तिला बी कुनी टेकलं न्हाई. तिसरीला गानं काढलं. सुईचा आवाज येऊ दिला, कपड्यातनं दोरा वढताना सर्र होतं ना, तेवढाच. तिला बी न्हाई.

न्हाई म्हनायला एकदा आलं. पोरीला भरवायले होते, फोन किनकिन केला, बगितलं तर कुनीतरी लिवलेलं. मोटं गुलाबाचं फूल होतं नावापाशी, आन लिवलं होतं, 'नाईस डियर.'

मी फोन ज्वारीच्या डब्यात टाकला. झाकन लावलं. त्याच्यावर पाटा ठिवला. पोरगी डबा बडवायली, तिला वाटलं खेळ हाय. लई येळानं खालाला बोलावून आनलं, तिनं डबा उगडला, फोन झटकला, त्या गुलाबाला आशी एक शिवी घातली की ती मी लिवू शकत न्हाई, आन त्याला कायमचा बंद करून टाकला.

त्या दिवशी मला माजंच कळंना. कुनी बोललं न्हाई तर जीव जातोय, आन बोललं तर डब्यात लपवायलेय. आशी कशी बाई मी? मंग ज्वारी निवडता निवडता राग आला. कुनाचा ते बी धड कळंना. गुलाबाचा आला, गप बसनाऱ्यांचा आला, त्या फोनचा आला, जो भांडी घासायची पावडर इकनाऱ्याला दिवसभर दाखवतोय आन माजी नदी कुठं नेऊन टाकतोय कुनास ठाव. आन राग आला म्हून मी चौथी वाकळ धरली. रागानं टाके लई बारीक पडतात, हे मला तवा कळलं.

ही चौथी वाकळ बी पोरीसाठीच. थंडीची, जाड. तीन बाजू शिवून झाल्या होत्या, चौथी उघडी होती. तवा ती गोष्ट झाली.

हे कामावरनं आले. जेवायला बसले. भाकरी मोडली आन म्हनले, "गोडाऊनमदी पोरं हसायलेत."

"कामून?"

"तुज्या बायकूच्या चिंद्या फोनवर फिरायल्यात म्हनतात. एक जन म्हनला, फिरायल्यात कुठं? जितं टाकल्या तितंच पडून हायत."

मी पानी दिलं. खरं सांगायचं तर मला बी हसू आलं आसतं, दुसरीचं असतं तर.

"बगनारे असते तर गोष्ट येगळी होती," हे म्हनले. "कुनीबी बगंना आन तू दाखवायलीस. लोकाला काय वाटंल? काढून टाक ते सगळं."

"न्हाई."

ह्यांचा घास हातातच ऱ्हायला. मी न्हाई म्हनले हे ह्यास्नी ऐकू आलं का न्हाई आसं वाटून मी परत म्हनले, "काढनार न्हाई."

"काय म्हनलीस?"

"काढनार न्हाई म्हनले." हातातला तांब्या कापायला लागला होता, पानी सांडलं, मी पायानं पुसलं. हे मारनारे मानूस न्हाईत. कवा हात उचलला न्हाई. तरी मला भ्या वाटलं, कारन आजवर मी ह्यास्नी भाजीत मीठ बरोबर हाय का एवढंच इचारलं होतं.

हे हसले, राग यायच्या आदी मानूस हसतो तसं. "आगं पर कुनासाठी ठिवायलीस? एकीचं नाव सांग. एक बाई सांग जिनं बगितलं."

मला सांगता येईना. खालाचं नाव घ्यावं तर तिनं दारातनंच बगितलेलं.

"बग," हे म्हनले. "आई यायलीय परवा. तिच्या कानावर हे गेलं तर मला ऐकावं लागंल. तवर तू काढ. न्हाईतर फोन माज्याकडं दे, मी काढतो."

"देनार न्हाई," मी म्हनले. आन पोरीला कडंवर घेऊन दारात उभी ऱ्हायले, भिंतीकडं तोंड करून. पळून जावं तर जायला जागा नव्हती, समोर गोडाऊन. मनात एकच फिरायलं, ती नदी काढली तर गेली. वाकळ आपल्यापाशी ऱ्हाईल, पर दाखवलेली वाकळ जाईल. टोचलेली सुई काढून घेतल्यावानी होईल. न्हाई आली बाई तर न्हाई आली. सुई कामून काढू?

आत्या आली ती दुपारच्या बसनं आली. सासूला मी आत्या म्हनते. पिशवीत तुरीची दाळ, करडईचं तेल, पोरीला काळ्या मन्याचं कडं. हे आईला आनायला स्टँडवर गेले होते. जाताना म्हनले होते, "आल्यावर फोन दे. इसरू नको."

ते गेले आन मी फोन हातात घेऊन खोलीत गरगर फिरले. ज्वारीचा डबा ह्यास्नी ठाव झाला होता, खालानं सांगून हसून झालं होतं. गादीखाली बगतील. पोरीच्या झोळीत बगतील. वाकळ मधोमध पसरलेली होती, चौथी बाजू उघडी. मी हात आत घातला, पार खांद्यापर्यंत, आन दोन साड्यांच्या मदी फोन सरकवून दिला, लांब, पोटात. वरनं हात फिरवला. कळंना. सुई कडंला टोचली आन कुंकवाच्या डबीवानी निरागस तोंड करून बसले.

आत्या आली. पोरीचा मुका घेतला. पानी पिली. आन कुठं बसली? वाकळीवर. सरळ मधोमध. बसल्या बसल्या कड उलटून खालची बाजू बगितली.

"हितं काय झालतं? टाका लंगडायलाय."

"पोरगी रडायली होती, आत्या."

"आन हितं?"

"हितं बी."

"तुजी पोरगी लई रडती मंग." दुसरी कड उलटली. ह्यांनी तिच्या पाठीमागनं मला हातानं इशारा केला, फोन. मी डोळ्यानंच सांगितलं, सापडंना. ह्यांनी डोळे मोटे केले. मी खाली बगितलं. आत्या म्हनली, "तुमी दोगं काय डोळ्यानं भांडायलाव? तोंडानं भांडा, मला बी कळू द्या."

आन तेवढ्यात वाकळ वाजली.

आत्या आशी उडाली की पोरगी टाळ्या वाजवायली. "आगं बया! वाकळ बोलायलीय!" वाकळ थरथरायली, किनकिन किनकिन, पोरगी तिच्यावर रांगत गेली आन दोनी हातानं थापट्या मारायली. मी उघड्या बाजूनं हात घातला. खांद्यापर्यंत घातला. फोन लागंना. थांबला. परत वाजला. हे उभे होते तसेच, कंबरंवर हात ठिवून, आन मला वाटलं आता भुई फाटली तर बरं. पर दात खाऊन मी अजून आत शिरले, डोकं सुद्धा घातलं, आन आतनंच मला आत्याचं हसू ऐकू आलं. एवढ्या जोरात ती हसती हे मला माहितच नव्हतं.

शेवटी तिनंच वाकळ धरून झटकली तवा फोन बाहेर पडला, उताना. मायचा व्हिडिओ कॉल. पोरीनं थापटी मारली आन लागला. फोनात माय उलटी दिसायली आन तिच्या मागं डोकीच डोकी.

"कुठं होतीस गं? कवाची लावायलेय," माय म्हनली.

"वाकळीच्या पोटात ठिवला होता तुमच्या लेकीनं, इहीनबाई," आत्या म्हनली.

"कामून?"

हे भिंतीकडं बगायले. मला वाटलं आता गप बसावं, नेहमीवानी. आन मला कळायच्या आदी माज्या तोंडातनं निगालं, एका दमात, "हे म्हनतात माज्या वाकळी फोनवरनं काढ, कुनी बगत न्हाई म्हून, आन मी काढनार न्हाई, म्हून लपवला, आन आता सापडला तरी काढनार न्हाई, आत्यासमोर सांगते."

"कुनी बगत न्हाई?" माय वरडली. "कोन म्हनलं? आगं आख्खी गल्ली बगायलीय. ही काकू फोन घेऊन येती, हितं अंगनात आमी सगळ्या बसतो, परत परत लावतो."

एका फोनवर. सगळ्या. मला काई कळंना. "मंग कुनी बदाम कामून दाबला न्हाई? एक तर दाबायचा! मी हितं मरायलेय!"

माय माज्याकडं आशी बगितली जनू मी अजून दुसरीतच हाय. "लेकरू बसलंय ना त्याच्यावर? त्या लेकरावर कोन बदाम दाबंल? अक्कल हाय का तुला? ही काकू दाबायली होती, मी तिचा हात धरला."

पाठीमागनं कुनीतरी म्हनलं, "आन ती नदी चुकलीय. पान्याच्या टाकीपाशी वळती ती. हिनं सरळ नेली."

"टाकी कवा झाली? आदी सरळच होती," दुसरी म्हनली.

"तुज्या नजरंत सरळ. तिथंच तर म्हशी उतरतात."

"नदी हाय व्हय ती?" आत्या मदीच म्हनली. तिनं कुठं बगितली होती कोन जाने. "मला वाटलं नाग हाय. लेकराच्या वाकळीवर नाग कामून काढला म्हून मला परवापासनं झोप न्हाई."

परवापासनं. ह्यांनी आईकडं बगितलं. दुबलगुंडीला बी फोन हायत हे ह्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मला हसावं का रडावं कळंना. पर मी एवढ्यावर सोडनार नव्हते. "आन ती लाल-पिवळी? तिच्यावर लेकरू नव्हतं. तिला कामून न्हाई?"

फोनमदी सगळ्या एकमेकीकडं बगायल्या. मंग माय म्हनली, "ती चांगली नव्हती."

"न्हाईच," काकू म्हनली.

"गानं बी वंगाळ होतं," आनकी एक.

खरंच नव्हती चांगली. मला आदीच ठाव होतं. पर तसं कुनीतरी म्हनलं आन माज्या खांद्यावरनं पोतं उतरल्यावानी झालं.

फोन ठिवला. आत्या परत वाकळीवर बसली, चष्मा काढला, पदरानं पुसला, घातला, आन कडंला टोचलेली सुई काढली. माज्याकडं न बगता म्हनली, "बेकार धंदे. कामं न्हाईत का घरात?" आन ओळ धरली. लांब, सरळ ओळ, मी एवढी सरळ कवा घातली न्हाई. मी फोन उचलला आन तिचे हात घ्यायला लागले, नुसते हात. तिला दिसलं. बांगड्या जरा वर सारल्या.

हे दारात बसून बूट काढायले. "ठिव मंग," म्हनले.

"ठिवनारच होते," मी म्हनले.

हे मी मुद्दाम लिवायलेय. माहेरची गल्ली बगती हे कळलं म्हून मी ठिवलं आसं कुनी समजू नका. ते कळलं फोन वाजल्यावर. 'न्हाई' मी त्याच्या आदीच म्हनले होते, जवा मला एका बाईचं बी नाव सांगता येत नव्हतं. तांब्या कापत होता, पर म्हनले होते. तेवढं माजं हाय. ते कुनी दिलं न्हाई आन कुनी बदाम न दाबल्यानं जानार न्हाई.

चौथी बाजू आत्या जायच्या आदी बंद केली. आमच्यात शेवटचा कोपरा शिवताना आत भाकरीचा एवढासा तुकडा घालतात, वाकळ उपाशी ऱ्हाऊ नये म्हून. आत्यानं घास घातला, म्हनली, "हिनं फोन खाल्लाय आदीच, हिला भूक कुठली." तरी घातला.

मंग मी वाकळ उलटी पसरली. वरची बाजू जमिनीला, खालची वर. सगळे टाके दिसायले, माजे लंगडे, पोरगी रडली तितले, रागातले बारीक, आन मदनं जानारी आत्याची ती सरळ ओळ. पोरीला बसवलं न्हाई. गानं न्हाई, तोंड न्हाई. व्हिडिओ काढला आन खाली लिवलं, 'खालची बाजू. टेकायचं तर टेका.' दाबताना डोळे मिटले न्हाईत.

हे जेवताना इचारले, "आलं का काई?"

"न्हाई."

"एक बी न्हाई?"

"एक बी न्हाई," मी म्हनले, आन पोरगी तोंडात दोऱ्याचं टोक घालून बसली होती ते काढलं, आन पुढल्या वाकळीची साडी टर्रकन फाडली.